कच्च्या कामातल्या वॉर्निंग कोणत्या थांबवाव्यात आणि कुठे

वाचकाचे पत्र: मी पुण्यातल्या एका लहान गटात काम करतो. गेल्या वर्षापासून आमची काही अंतर्गत साधने हास्केल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिली जात आहेत. प्रकल्पाच्या कबाल फाइलमध्ये, म्हणजे बांधणीच्या सूचनांच्या फाइलमध्ये, ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ‘-डब्ल्यूऑल’ (बहुतेक वॉर्निंग दाखवा) आणि ‘-डब्ल्यूएरर’ (वॉर्निंगला एररच माना) असे कंपायलरला सूचना देणारे दोन्ही फ्लॅग घातलेले आहेत. एखादी नवी कल्पना चाचपून पाहायची म्हटले की अर्धवट फाइलवर तीस-चाळीस वॉर्निंग येतात, खरी टाइप एरर त्यांत हरवून जाते आणि प्रोग्रॅम एकदा चालवून बघणेही जमत नाही. शेवटी कंटाळून मी फाइलच्या माथ्यावर लहान ‘-डब्ल्यू’ लिहून सगळ्याच वॉर्निंग बंद केल्या. आता सहकाऱ्यांनी कोड तपासताना नेमके त्यावरच बोट ठेवले आहे. प्रोटोटाइप, म्हणजे कच्चा नमुना, करताना वॉर्निंग बंद करणे चूक आहे का? नसेल, तर त्याची योग्य रीत कोणती? – एक वाचक, पुणे

सप्रेम नमस्कार.

वॉर्निंग बंद करणे चूक नाही. आपण ज्या प्रकारे त्या बंद केल्यात, त्यावर मात्र आपल्या सहकाऱ्यांचा आक्षेप रास्त आहे. (पुढे फ्लॅगांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. त्यांत ‘डब्ल्यू’ हे अक्षर मोठे समजावे; लहान अक्षर अभिप्रेत असेल तिथे तसे स्पष्ट म्हटले आहे.)

आपल्या पत्रात दोन निरनिराळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत, त्या आधी वेगळ्या करू. वॉर्निंग दिसणे ही एक गोष्ट आणि वॉर्निंगमुळे प्रोग्रॅम तयारच न होणे ही दुसरी. आपला प्रयोग अडतो तो दुसरीमुळे, म्हणजे ‘-डब्ल्यूएरर’मुळे, आणि तिच्यावरचा उतारा ‘-डब्ल्यूवॉर्न’ हा आहे. तो दिला की वॉर्निंग पुन्हा केवळ वॉर्निंग राहतात आणि प्रोग्रॅम चालतो. माझ्या मते ‘-डब्ल्यूएरर’ची खरी जागा कोड मुख्य शाखेत घेण्यापूर्वी होणाऱ्या स्वयंचलित तपासणीत आहे, माणूस विचार करत बसलेला असतो त्या टेबलावर ती नाही. प्रसिद्ध करायच्या पॅकेजच्या कबाल फाइलमध्ये हा फ्लॅग उघडा ठेवला तर ‘कबाल चेक’ ही आज्ञा स्वतःच हरकत घेते, कारण जीएचसी या हास्केलच्या कंपायलरची नवी आवृत्ती आली की नव्या वॉर्निंग येतात आणि काल चालणारा कोड आज अडतो. २०२३ मध्ये आलेल्या जीएचसी ९.८ ने प्रिल्यूडमधल्या, म्हणजे आपोआप हाताशी येणाऱ्या मूळ मॉड्यूलमधल्या, ‘हेड’ आणि ‘टेल’ या फंक्शनांच्या वापरावर वॉर्निंग द्यायला सुरुवात केली. त्या दिवशी ज्यांच्याकडे ‘-डब्ल्यूएरर’ कायमचा लावलेला होता, त्यांचा वर्षानुवर्षे न हललेला कोडही थांबला असणार.

आता वॉर्निंगांकडे वळू. ‘-डब्ल्यूऑल’ने येणाऱ्या वॉर्निंगांचे माझ्या मनात दोन ढीग आहेत. काही वॉर्निंग आपले काम अपुरे असल्याचे सांगतात, आणि काही आपले काम चुकले असल्याचे सांगतात. प्रोटोटाइप अपुरा असतो हे आपल्याला आधीच ठाऊक असते, त्यामुळे पहिल्या ढिगातल्या वॉर्निंग तेवढ्या काळापुरत्या थांबवण्यात काहीही नुकसान नाही. दुसऱ्या ढिगाची गरज मात्र कच्च्या कामातच जास्त असते, कारण चुका तिथेच जास्त होतात.

पहिल्या ढिगात मी सर्वांत आधी ‘अनयूज्ड-इम्पोर्ट्स’ टाकतो. प्रयोग करताना आपण एखादे मॉड्यूल घेतो, त्यातले फंक्शन दहा मिनिटे वापरतो, ओळ काढून टाकतो आणि अर्ध्या तासाने पुन्हा लिहितो. अशा वेळी वरची इम्पोर्टची ओळ दर वेळी काढणे आणि घालणे म्हणजे निव्वळ हातांना काम. ‘टाइप-डिफॉल्ट्स’ हीही त्यातलीच. फंक्शनात ‘एक्स ^ २’ असे लिहिले की त्या २ चा, म्हणजे घातांकाचा, टाइप कोणता हे कुठेच सांगितलेले नसते. कंपायलर तो ‘इंटिजर’ धरतो आणि तसे धरल्याचे कळवतो. उत्तर त्याने बदलत नाही. ‘मिसिंग-सिग्नेचर्स’चे मात्र थोडे निराळे आहे. प्रोटोटाइपमध्ये फंक्शनांचे टाइप सतत बदलतात, तेव्हा प्रत्येकावर सही (टाइप सांगणारी सिग्नेचरची ओळ) लिहीत बसणे परवडत नाही आणि ही वॉर्निंग बंद करणे योग्यच आहे. पण तिच्या मजकुरात कंपायलरने स्वतः काढलेला टाइप छापलेला असतो. एखादे फंक्शन मला वाटते तसेच झाले आहे की नाही अशी शंका आली, की मी ही वॉर्निंग मुद्दाम चालू करतो आणि तो टाइप वाचतो. अपेक्षेपेक्षा तो भलताच निघाला, तर चूक कुठे शिरली हे तिथेच कळते.

‘अनयूज्ड-मॅचेस’, म्हणजे फंक्शनाला दिलेला पण न वापरलेला आर्ग्युमेंट, ही वॉर्निंग मी फ्लॅगने बंद करत नाही. नावाआधी अधोरेषा घातली, म्हणजे ‘कॉन्फिग’चे ‘_कॉन्फिग’ केले, की कंपायलर त्या नावापुरता गप्प बसतो आणि वाचणाऱ्यालाही कळते की हे जाणूनबुजून सोडले आहे. एका अक्षराचे काम आहे, आणि ते नेमके त्या जागेपुरतेच लागू पडते.

न वापरलेल्या वरच्या पातळीवरच्या व्याख्यांचा, म्हणजे ‘अनयूज्ड-टॉप-बाइंड्स’चा पूर ज्यांना छळतो त्यांना तर बहुधा कोणत्याच फ्लॅगची गरज नसते. फाइलच्या आरंभी मॉड्यूलची ओळच लिहिली नाही, तर हास्केलच्या नियमाप्रमाणे ती फाइल ‘मॉड्यूल मेन (मेन) व्हेअर’ अशी लिहिली आहे असे धरले जाते. म्हणजे बाहेर दिली जाणारी व्याख्या एकच, ‘मेन’. मग ‘मेन’पर्यंत ज्यांचा धागा पोहोचत नाही अशी सगळी फंक्शने कंपायलरच्या दृष्टीने निरुपयोगी ठरतात, आणि प्रोटोटाइपमध्ये अशी फंक्शने डझनावारी असतात, कारण ती आपण जीएचसीआयमध्ये, म्हणजे लिहिलेले लगेच चालवून दाखवणाऱ्या जीएचसीच्या सत्रात, एकेक करून तपासत असतो. त्याऐवजी पहिल्या ओळीवर नुसते ‘मॉड्यूल मेन व्हेअर’ असे, कंसाशिवाय, लिहावे. आता सगळ्याच व्याख्या बाहेर दिल्या जात असल्यामुळे त्यांतली एकही न वापरलेली ठरत नाही आणि या वॉर्निंग आपोआप थांबतात. काम पक्के झाल्यावर कंसात ‘मेन’ घातले, की उरलेली अडगळ कंपायलर एका फटक्यात दाखवून देतो. आपल्या तीस-चाळीस वॉर्निंगांपैकी निम्म्या तरी याच असाव्यात असा माझा अंदाज आहे.

दुसऱ्या ढिगाबद्दल मी आग्रही आहे, आणि त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी लॉग फाइलमधल्या ओळी मोजून अहवाल छापणारा एक लहानसा प्रोग्रॅम मी घाईने लिहीत होतो. आपल्यासारखाच मीही माथ्यावर लहान ‘-डब्ल्यू’ लिहिला होता. मोजलेली संख्या ‘काउंट’ या नावाने फंक्शनात येत होती, आणि शीर्षकाची ओळ धरून तीत एक वाढवायचा होता. मी लिहिले:

लेट काउंट = काउंट + १

जीएचसीआयमध्ये फंक्शन चालवले तर काहीच छापले जाईना आणि कर्सरही परत येईना. पायथनची सवय असलेल्या डोळ्यांना या ओळीत काही वावगे दिसत नाही, कारण तिथे उजवीकडचा ‘काउंट’ जुना असतो आणि डावीकडचा नवा. हास्केलमध्ये ‘लेट’च्या दोन्ही बाजूंचे नाव एकच असते. नव्या ‘काउंट’ची किंमत काढायला आधी नव्या ‘काउंट’चीच किंमत लागते, आणि हे कधीच संपत नाही. मी फाइल वाचण्याचा भाग तपासला, ओळी तोडण्याचा भाग तपासला, संध्याकाळ त्यात गेली. रात्री माथ्यावरची ती ओळ पुसली आणि दोन वॉर्निंग समोर आल्या. एकीत लिहिले होते की इथला ‘काउंट’ वरच्या ‘काउंट’ला झाकतो आहे, आणि दुसरीत लिहिले होते की वरचा ‘काउंट’ कुठेच वापरलेला नाही. दोन्ही एकत्र वाचल्यावर चूक कळायला अर्धा मिनिटही लागला नाही. टाइपच्या दृष्टीने ती ओळ निर्दोष होती, त्यामुळे एरर येण्याची शक्यताच नव्हती. मला सावध करू शकणारे जे काही होते ते या दोन वॉर्निंगांतच होते, आणि त्या मी स्वतः बंद केल्या होत्या. त्या दिवसापासून ‘नेम-शॅडोइंग’ला मी हात लावत नाही, आणि वर ‘अनयूज्ड-मॅचेस’साठी अधोरेषा सुचवली तीही याच कारणाने.

‘इनकम्प्लीट-पॅटर्न्स’ तर प्रोटोटाइपमध्ये जिवाभावाच्या सोबत्यासारखी आहे. समजा, ऑर्डरच्या स्थितीचा एक टाइप आपण केला आहे आणि त्यात ‘नवी’, ‘पाठवलेली’ आणि ‘पोहोचलेली’ असे तीन प्रकार आहेत. चौथ्या दिवशी ‘रद्द’ हा चौथा प्रकार लागतो. तो टाइपमध्ये घातल्याबरोबर ज्या-ज्या ‘केस’मध्ये त्याची सोय नाही, त्या प्रत्येकाची ओळ आणि राहून गेलेल्या प्रकाराचे नाव कंपायलर सांगतो. टाइप रोज बदलत असतात त्या काळात ही यादी आयती मिळते. ती सोडून देणे मला कधीच पटलेले नाही. एक ध्यानात ठेवावे: ही वॉर्निंग मुळात चालू नसते, ती ‘-डब्ल्यूऑल’मुळेच येते, म्हणून ‘-डब्ल्यूऑल’ पूर्ण काढून टाकणे हाही उपाय नव्हे. ‘मिसिंग-फील्ड्स’ आणि ‘मिसिंग-मेथड्स’ या दोन्ही न सांगताच चालू असतात आणि तशाच राहू द्याव्यात, कारण रेकॉर्डमधले गाळलेले फील्ड प्रोग्रॅम चालताना वाचले गेले की तो तिथेच कोसळतो. ‘अनयूज्ड-डू-बाइंड’ही ठेवावी, ‘मॅपएम’च्या जागी ‘मॅपएम_’ लिहून तिचे समाधान सहज होते.

आता या वॉर्निंग थांबवायच्या कुठे, हा आपल्या प्रश्नाचा महत्त्वाचा भाग. एखाद्याच फाइलपुरते हवे असेल, तर माथ्यावर, मॉड्यूलच्या ओळीच्या आधी, नाव घेऊन लिहावे:

{-# ऑप्शन्स_जीएचसी -डब्ल्यूनो-अनयूज्ड-इम्पोर्ट्स #-}

फाइलमध्ये लिहिलेले हे प्राग्मा, म्हणजे कंपायलरसाठीची सूचना, कबाल फाइलमधल्या फ्लॅगांवर मात करते. हीच त्याची सोय आणि हाच त्याचा धोका, कारण ते कोडबरोबर सगळीकडे जाते आणि पुढे कोणाच्या नजरेस पडत नाही. म्हणून प्रयोगाच्या काळात मी ते फारसे वापरत नाही. त्याऐवजी प्रकल्पाच्या मुळाशी ‘कबाल.प्रोजेक्ट.लोकल’ या नावाची फाइल ठेवतो. तीत ‘पॅकेज’ या शब्दापुढे आपल्या पॅकेजचे नाव लिहावे आणि त्याखालच्या ओळीवर थोडी जागा सोडून ‘जीएचसी-ऑप्शन्स’पुढे ‘-डब्ल्यूवॉर्न’ आणि थांबवायच्या दोन-तीन वॉर्निंगांची ‘-डब्ल्यूनो’ने सुरू होणारी नावे लिहावीत. इथले फ्लॅग कबाल फाइलमधल्या फ्लॅगांच्या नंतर लागू होतात, त्यामुळे तिथल्या ‘-डब्ल्यूएरर’चा जोर इथे उतरतो. ही फाइल गिटच्या दुर्लक्ष-यादीत घातली, की ती आपल्या यंत्राबाहेर जात नाही. सहकाऱ्यांनी घातलेले नियम जसेच्या तसे राहतात, आपल्याला हवी ती मोकळीक मिळते, आणि कोड तपासताना त्यावर वाद व्हायला काही उरत नाही. आपला प्रयोग मुख्यतः जीएचसीआयमध्येच चालत असेल, तर तिथे ‘:सेट’ लिहून पुढे तोच फ्लॅग द्यावा. सत्र संपले की तोही संपतो. कबालऐवजी स्टॅक हे बांधणीचे साधन वापरणाऱ्यांनी उलट बाजूने जावे: एरवी साधे ‘स्टॅक बिल्ड’ आणि कोड पुढे पाठवण्यापूर्वी ‘--पेडँटिक’ जोडून एकदा बांधणी. त्या एका शब्दाने ‘-डब्ल्यूऑल’ आणि ‘-डब्ल्यूएरर’ दोन्ही लागतात.

फ्लॅगांच्या क्रमाकडेही लक्ष असू द्यावे. ते डावीकडून उजवीकडे वाचले जातात, तेव्हा ‘-डब्ल्यूनो-अनयूज्ड-इम्पोर्ट्स’ आधी आणि ‘-डब्ल्यूऑल’ नंतर असे लिहिले, तर बंद केलेली वॉर्निंग लगेच पुन्हा चालू होते. बंद करणारा फ्लॅग नेहमी उजवीकडे. आणखी एक गोष्ट नवख्यांना हमखास चकवते. ज्या मॉड्यूलमध्ये बदल झालेला नाही ते जीएचसी पुन्हा कंपाइल करत नाही, आणि कंपाइल न केलेल्या मॉड्यूलच्या वॉर्निंग पुन्हा छापतही नाही. नुसते वॉर्निंगचे फ्लॅग बदलल्याने ते मॉड्यूल बदलले असे धरले जात नाही. म्हणून सकाळी दिसलेल्या वॉर्निंग दुपारी दिसल्या नाहीत याचा अर्थ त्या मिटल्या असा नसतो, आणि फ्लॅग काढूनही काही दिसले नाही याचा अर्थ कोड स्वच्छ आहे असाही नसतो. खरी स्थिती पाहायची असेल तेव्हा ‘कबाल क्लीन’ करून सगळे नव्याने बांधावे.

वॉर्निंग कमी करण्याबद्दल इतके लिहिल्यावर एक वॉर्निंग वाढवण्याचीही शिफारस करतो. प्रोटोटाइपमध्ये न लिहिलेल्या भागाच्या जागी आपण सगळेच ‘अनडिफाइन्ड’ टाकतो. त्यावर जीएचसी एक शब्दही बोलत नाही. न वापरलेल्या इम्पोर्टसारख्या निरुपद्रवी गोष्टीवर वॉर्निंग येते, आणि जिथे प्रोग्रॅम नक्की कोसळणार तिथे शांतता, हे मला फार खटकत असे. त्यावर उपाय सोपा आहे. एका वेगळ्या मॉड्यूलमध्ये आपले स्वतःचे ‘टूडू’ लिहावे:

{-# वॉर्निंग टूडू "हे अजून लिहायचे आहे" #-}
टूडू :: हॅजकॉलस्टॅक => ए
टूडू = एरर "अपूर्ण"

मॉड्यूल वेगळे हवे, कारण ज्या मॉड्यूलमध्ये व्याख्या आहे तिथल्याच वापरावर ही वॉर्निंग येत नाही. ‘हॅजकॉलस्टॅक’ आणण्यासाठी ‘जीएचसी.स्टॅक’ इम्पोर्ट करावे. त्यामुळे प्रोग्रॅम कोसळलाच तर ‘टूडू’ कोणत्या ओळीवर वापरले होते तेही छापले जाते. आता अपुरी राहिलेली प्रत्येक जागा बांधणीच्या वेळी आपले नाव सांगते, आणि स्वयंचलित तपासणीत ‘-डब्ल्यूएरर’ असल्यामुळे एकही ‘टूडू’ मुख्य शाखेत जाऊ शकत नाही.

टाइप एरर असतानाही बाकीचा प्रोग्रॅम चालवून बघायचा असेल, तर त्यासाठी ‘-एफडिफर-टाइप-एरर्स’ हा फ्लॅग आहे. तो २०१२ मधल्या जीएचसी ७.६ पासून मिळतो. त्याने टाइप एररची वॉर्निंग होते, आणि चुकलेला भाग प्रत्यक्ष चालण्याची वेळ आली तरच प्रोग्रॅम कोसळतो. जीएचसीआयमध्ये घटकाभर वापरायला तो उत्तम आहे. पण याच्या जोडीला लहान ‘-डब्ल्यू’ असेल, तर वॉर्निंग झालेल्या त्या टाइप एररही दिसेनाशा होतात, आणि हास्केल निवडण्यामागे आपला जो मुख्य हेतू होता तोच हातातून जातो. लहान ‘-डब्ल्यू’ कोणत्याही परिस्थितीत न वापरण्यामागचे माझे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

तेव्हा आजच आपल्या फाइलच्या माथ्यावरची ती ओळ काढावी, संपूर्ण प्रकल्पात ‘ऑप्शन्स_जीएचसी’ शोधून अशी आणखी कुठे राहिली आहे का ते पाहावे, वरचे फ्लॅग ‘कबाल.प्रोजेक्ट.लोकल’मध्ये घालावेत आणि एकदा स्वच्छ बांधणी करावी. दुसऱ्या ढिगातल्या ज्या वॉर्निंग उरतील त्या ओळीने वाचाव्यात. ‘नेम-शॅडोइंग’ असेल तर तिथून सुरुवात करावी. प्रोटोटाइप पक्का करायची वेळ आली की ती स्थानिक फाइल बाजूला ठेवावी. न वापरलेले इम्पोर्ट काढणे आणि सह्या लिहिणे ही दोन्ही कामे हास्केल लँग्वेज सर्व्हर एडिटरमध्ये एकेका क्लिकवर करून देतो, त्यामुळे पहिल्या ढिगाचे थकलेले काम एका बैठकीत उरकते. सहकाऱ्यांशी बोलताना ‘-डब्ल्यूएरर’ कबाल फाइलमधून काढून स्वयंचलित तपासणीत हलवण्याचा प्रस्तावही ठेवावा; ‘कबाल चेक’ चालवून त्यांना तिची हरकत दाखवली, तर बोलणे सोपे जाईल.